अडीच मिलिमीटरच्या आतला पाऊस

पावसाळ्यात सकाळचे साडेआठ वाजत आले की आबा छत्री घेऊन परसात निघत. झाडं आणि भिंती यांच्यापासून लांब, मोकळ्या जागी त्यांनी पर्जन्यमापक बसवून घेतला होता. नरसाळं उचलायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि पाण्याची कड जिथे सर्वांत खाली टेकते तिथला आकडा वाचायचा. पाटबंधारे खात्यात असताना धरणावर त्यांनी हेच केलं होतं आणि निवृत्तीनंतरही हाताला ते काम हवंच होतं. साडेआठची वेळ त्यांनी ठरवलेली नव्हती. देशभरातली हवामान केंद्रं त्याच वेळी मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. त्यामुळे आजच्या तारखेपुढे लिहिलेला पाऊस बराचसा कालचा असतो. लहानपणी मला याची फार मौज वाटे. काल शाळेतून येताना ज्याने भिजवलं तो पाऊस आज आबांच्या वहीत यायचा.

वहीला तीन रकाने होते: तारीख, मिलिमीटर, शेरा. अंक देवनागरी, एकसारखे, दशांशचिन्ह ठळक. शेऱ्याच्या रकान्यात कधी ‘ओढा पुलावरून’, कधी ‘विजा फार’, कधी नुसतं ‘वारा’. कोरड्या दिवसांच्या मात्र तीन तऱ्हा होत्या. काहीच पडलं नसेल तर ०.०. मापात रेघ चढेल इतकंही पाणी नसेल, पण अंगणातला दगड ओला झाला असेल, तर ‘शिंतोडे’. आणि काही तारखांपुढे फक्त आडवी रेघ. त्या दिवशी आबा परगावी गेलेले असत किंवा तापाने पडलेले असत. रेघेच्या जागी शून्य का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “मी नव्हतो म्हणून पाऊस नव्हता, असं कसं लिहू?”

ती वही पुन्हा उघडली गेली माझ्या भाचीमुळे. कॉलेजात तिला पायथन शिकवायला लागले आहेत. पहिल्या काही आठवड्यांतला एक स्वाध्याय ठरलेला असतो: आकड्यांची एक यादी घ्या, त्यातले दोनने भाग जाणारे आकडे निवडा, त्यांची बेरीज करा. तिने तो चटकन केला, उत्तरही बरोबर आलं, आणि तिचा चेहरा पडला. “आत्या, हे आकडे कशाचेच नाहीत गं,” ती म्हणाली. मला तिचं म्हणणं पटलं. ज्या आकड्यांमागे काही घडलेलं नाही, त्यांतून काय निवडायचं आणि काय सोडायचं याचा विचारच करावा लागत नाही. मी कपाटातून आबांची वही काढून तिच्या पुढ्यात ठेवली.

प्रोग्राम चार-पाच ओळींचाच होता. ‘एकूण’ नावाच्या जागी आधी शून्य ठेवायचं. मग यादीतला एकेक आकडा हाती घ्यायचा, तो अटीत बसतो का ते पाहायचं, बसला तर एकूणमध्ये मिळवायचा, नाही तर पुढे जायचं. जगातल्या कितीतरी मोठ्या हिशेबांच्या पोटात हीच कृती आहे. बँकेचं व्याज, निवडणुकीची मतमोजणी, धरणात आलेलं पाणी, सगळीकडे कुणीतरी आधी निवडतं आणि मग मिळवतं. नवशिक्याच्या हाती ती इतक्या लवकर येते याचं मला अप्रूप वाटतं.

पायथनमध्ये चलांना देवनागरी नावं देता येतात हे भाचीला ठाऊक नव्हतं. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. तिने यादीचं नाव ‘पाऊस’ ठेवलं आणि ते पडद्यावर चालताना पाहून ती हरखली. त्याहून मोठा आनंद पुढे होता. प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिले तर पायथन ते नाकारतो, पण साध्या मजकुराच्या फायलीत १२.४ असं देवनागरीत लिहून ते ‘फ्लोट’च्या हवाली केलं की तो ते बिनतक्रार वाचतो आणि संख्या म्हणून परत देतो. मग आबांचे अंक बदलण्याची गरजच उरली नाही. जुलै महिना तिने जसाच्या तसा उतरवून काढला.

या भाषेत ओळ समासापासून किती आत सुरू होते यावर अर्थ ठरतो. शून्य ठेवण्याची ओळ फेऱ्याच्या आत सरकली तर प्रत्येक दिवशी हिशेब नव्याने सुरू होतो आणि शेवटी हाती राहतो तो फार तर अखेरच्या दिवसाचा पाऊस. छापण्याची ओळ आत सरकली तर मात्र बेरीज चढताना दिसते. भाचीने ती ओळ मुद्दाम आत नेली. पडद्यावर आकडे उतरू लागले, १२.४, मग ४९.०, मग पुन्हा ४९.०, मग १३६.२. आकडा दोनदा आला की समजायचं, त्या दिवशी उघडीप होती. आम्ही दोघी ती चढण महिनाअखेरपर्यंत वाचत गेलो. शेवटच्या एका आकड्यात जुलै मावत नाही. कुठे दम खाल्ला, कुठे दोन दिवसांत सगळी कसर भरून काढली, हे त्या पायऱ्यांवर दिसतं.

आता निवडायचं काय? भाचीने शोधून अट आणली: २.५. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा. पुढेही अशा पायऱ्या आहेत. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. या सीमारेषा कुणीतरी विचार करून आखल्या आहेत आणि त्या लागतातच. त्यांच्याशिवाय एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येणार नाही. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरभर जमिनीवर एक लिटर पाणी. २.४ मिलिमीटर झाला तर तेवढ्या जागेवर जवळजवळ अडीच लिटर पाणी पडलेलं असतं आणि तरी तो दिवस पावसाचा ठरत नाही. खात्याच्या हंगामी एकूण पावसात हे पाणी धरलेलं असतं, फक्त पावसाळी दिवसांच्या मोजणीत ते येत नाही. आमच्या प्रोग्रामने मात्र ते बेरजेतूनही गाळलं होतं. प्रोग्रामने काही चुकीचं केलं नव्हतं. अट तशी लिहिली होती.

भाचीच्या हे लक्षात आल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने अट उलटी केली. २.५ पेक्षा कमी असलेलेच आकडे निवडायचे. तिने पूर्ण हंगाम उतरवून काढला आणि या वगळलेल्या पावसाची बेरीज केली. चांगल्या झडीच्या एका अख्ख्या दिवसाइतकं पाणी निघालं. थेंबाथेंबाने, पावसाळी दिवसांच्या मोजणीत न येता, सबंध पावसाळाभर ते पडत राहिलं होतं. आमच्या सातारा जिल्ह्याची पश्चिम कड महाबळेश्वराच्या पावसाखाली असते आणि पूर्वेकडे माण-खटावात लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. महाबळेश्वराला दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. माणमध्ये उगवून आलेल्या बाजरीवर तोच दीड मिलिमीटर पडला तर शेतकरी बांधावर उभा राहून तो पाहतो. दोन्हीकडे अट एकच.

यादीतून गाळणं म्हणजे यादीतून पुसणं नव्हे, हे नवशिक्याने लवकर शिकावं असं मला मनापासून वाटतं. आई सुपात धान्य पाखडायची तेव्हा उडालेलंही तिच्या नजरेखाली असायचं. फोल वेगळं, कण्या वेगळ्या, आणि कण्या कोंबड्यांच्या वाट्याला जायच्या. पायथनमध्ये अट घालून नवी यादी केली की जुनी जशीच्या तशी राहते. पण यादीवरून फिरता फिरता तिच्यातूनच आकडे काढून टाकायला गेलं तर भलतंच होतं. दोन कोरडे दिवस लागोपाठ आले असतील तर पहिला काढताच पुढचे सगळे एकेक जागा मागे सरकतात, फेरी मात्र पुढेच जाते आणि दुसरा कोरडा दिवस नजरेतून सुटतो. म्हणून मूळ नोंदीला हात लावायचा नाही. आबाही खाडाखोड करत नसत. दुरुस्ती असली तर शेऱ्यात लिहीत.

आडव्या रेघांचं काय करायचं हा प्रश्न जूनमध्ये आला. हवामानाच्या पुष्कळ आकडेवारीत नोंद नसली की तिथे उणे ९९९ लिहिण्याची रीत आहे. असा पाऊस असूच शकत नाही, म्हणून खूण म्हणून तो आकडा सोयीचा. भाचीने तीच रीत उचलली, सगळ्या आकड्यांची बेरीज केली आणि जूनचा पाऊस आला उणे ५८६.४ मिलिमीटर. एका रेघेने अख्खा महिना जमिनीखाली नेला होता.

ती ज्या जागी अडली तिथे तिच्याआधी खूप जण अडले आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठातले एलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी नवशिके प्रोग्राम कसा रचतात याचा अभ्यास करत होते. त्यांनी दिलेलं एक उदाहरण पुढे ‘रेनफॉल प्रॉब्लेम’ म्हणून ओळखलं गेलं. रोजच्या पावसाचे आकडे घेत जा, ९९९९९ आला की थांब, उणे आकडे सोडून दे आणि उरलेल्यांची सरासरी सांग. बस, इतकंच. पण विद्यार्थ्यांना ते अडलं, आणि पुढे अनेक वर्षं, अनेक ठिकाणी अडत राहिलं. एकाच फेऱ्यात थांबायचं कधी, सोडायचं काय, मिळवायचं काय आणि मोजायचं काय, ही चार कामं एकमेकांत गुंततात. आणि सगळेच आकडे गाळले गेले तर? काहीच उरलं नाही तरी बेरजेला उत्तर आहे, शून्य. सरासरीला उत्तर नाही. २०१४ साली कॅथी फिस्लर यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला, तेव्हा फंक्शनांच्या अंगाने प्रोग्रामिंग शिकलेल्या मुलांच्या चुका कमी झालेल्या दिसल्या. त्या पद्धतीत आधी यादी स्वच्छ करून घेणं आणि मग बेरीज, मग मोजणी, अशी कामं सुटी करणं सहज जमतं. मला हे वाचून बरं वाटलं. प्रश्न मुलांच्या बुद्धीचा नव्हता, कामं सोडवून घेण्याचा होता.

उणे ९९९ च्या जागी आम्ही पायथनचं ‘नन’ ठेवलं. ‘नन’ म्हणजे इथे मूल्यच नाही. मग पुन्हा बेरीज मागितली, तर पायथनने ती द्यायला नकार दिला. संख्या आणि ‘नन’ यांची बेरीज होत नाही, असं सांगून तो थांबला. भाचीला ती अडचण वाटली. मला त्यात आबा दिसले. जे मोजलेलंच नाही ते मी मिळवणार नाही, तुम्ही काय ते ठरवा आणि तसं लिहून द्या, असा तो नकार होता. तिने मग लिहिलं: आकडा ‘नन’ नसेल तरच घे. हेच काम ‘फिल्टर’ नावाच्या फंक्शनकडून करून घेण्याची एक छोटी वाटही आहे. पण त्या वाटेने गेलं की ‘नन’बरोबर शून्येही गळून पडतात, कारण रिकामं आणि शून्य यांना ती एकाच मापाने तोलते. बेरजेत त्याने काही बिघडत नाही. शून्य मिळवलं काय, न मिळवलं काय. सरासरी मात्र फुगते, कारण कोरडे दिवस मोजणीतून गेले. बेरीज बरोबर आहे म्हणून सगळं बरोबर आहे असं वाटून घेण्याची ही जागा आहे.

ही भाषा शिकणाऱ्याचा विचार करणाऱ्यांच्या घरात जन्मली. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये तिचं काम सुरू केलं, त्याआधी ते तिथेच ‘एबीसी’ या नवशिक्यांसाठी घडवलेल्या भाषेवर काम करत होते. बेरजेचं तयार फंक्शन पायथनमध्ये आलं ते २००३ साली. गाळण्याचं फंक्शन त्याच्या खूप आधीपासून होतं, आणि तिसऱ्या आवृत्तीच्या तयारीत रॉसम यांना ते काढूनच टाकायचं होतं, कारण अट ओळीतच लिहिली की वाचणाऱ्याला ती समोर दिसते असं त्यांचं मत होतं. ते फंक्शन राहिलं. तरी मला त्यांचं मत पटतं. निवडण्याची अट झाकलेली नसावी.

एका संध्याकाळी भाची गोंधळून आली. ०.१ दहा वेळा मिळवले तर फेऱ्यातून उत्तर येत होतं ०.९९९९९९९९९९९९९९९९, आणि तयार फंक्शनकडून नेमकं १.०. यंत्र संख्या दोनच्या घातांत साठवतं आणि ०.१ तिथे पूर्ण मावत नाही. प्रत्येक बेरजेत काही कण निसटतात. विल्यम काहान यांनी १९६५ साली यावर एक युक्ती मांडली होती. निसटलेले कण बाजूला साठवत जायचे आणि त्यांचाही हिशेब धरायचा. त्याच कुळातली पद्धत २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ च्या बेरजेत आहे. इतक्या बारीक कणांची कुणीतरी इतकी वर्षं काळजी केली, हे ऐकून भाची म्हणाली, “आजोबांना हे आवडलं असतं.” आवडलंच असतं. ‘शिंतोडे’ लिहिणारा माणूस होता तो.

पाऊस मोजण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे आणि प्रदेशाप्रदेशाचं मापही दिलं आहे. अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या, पावसाला मात्र आकडा दिलेला नाही. तो अमाप म्हणून सोडून दिला आहे. शिवाय एकूण पावसाबरोबर तो कोणत्या महिन्यांत किती पडला हेही तिथे पाहिलं आहे. चांगलं वर्ष कोणतं, तर मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस आणि उरलेला सुरुवातीच्या व शेवटच्या महिन्यात. भाचीने आबांच्या वहीवर हीदेखील अट लावून पाहिली. पहिल्या प्रयत्नात चालली.

आणि तरीही काही पाऊस कुठल्याच बेरजेत नीट बसत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. सांताक्रूझचा तो आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. दोन्हींची सरासरी काढली तर पाचशेच्या वर जाते, आणि तेवढा पाऊस त्या दोन्ही ठिकाणी पडलेला नव्हता. आबांच्या वहीतही अशी एक तारीख आहे. आकड्यापुढे शेऱ्यात लिहिलं आहे: ‘भांडं भरून वाहिलं, खरा पाऊस यापेक्षा जास्त.’ ‘जास्त’ ही गोष्ट यादीत कशी लिहायची, असं भाचीने मला विचारलं. मी तिला शेऱ्याची वेगळी यादी करायला सांगितली, तारखेला तारीख जुळवून.

महाराष्ट्रात धरणांच्या वसाहतींत, साखर कारखान्यांच्या दप्तरांत, निवृत्त शिक्षकांच्या आणि शेतकऱ्यांच्या माळ्यांवर अशा वह्या अजून असणार. तुमच्या घरी असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. घरातलं कुणी पायथन शिकत असेल तर पुस्तकातल्या आकड्यांऐवजी ही वही त्याच्या हाती द्या. आणि त्याला एवढं सांगा, की मिलिमीटरांबरोबर शेऱ्याचा रकानाही पूर्ण उतरवून काढ. बेरजेला तो लागणार नाही, पण कोणता आकडा धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवताना तोच वाचावा लागेल.